बॉल तुझ्याकडे, मोकळी जागा त्याच्याकडे : ई-फुटबॉलवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, रविवारी आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एफसी 26 या फुटबॉल व्हिडिओ गेमची फायनल आहे, सहा-सहा मिनिटांचे हाफ, कॉम्पिटिटिव्ह सेटिंग. मी मँचेस्टर सिटी घेतो आणि समोरचा रिआल माद्रिद. तो प्रेस करतच नाही, म्हणजे बॉल हिसकावायला पुढे येत नाही, स्वतःच्या गोलजवळ खाली बसून राहतो, मला पास-पास खेळू देतो आणि बॉल मिळाला की दोन पासात एम्बापे माझ्या गोलकीपरसमोर. लीग राउंडला बॉल जास्त वेळ माझ्याकडे होता तरी 1-3 हरलो. फायनलला काय करू आणि कोण जिंकेल असं वाटतं?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : अरे, तू जी मॅच सांगतोयस ती खऱ्या मैदानावर पण अशीच होते. 2024 च्या चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनलला एतिहादवर, म्हणजे सिटीच्या घरच्या मैदानावर, सिटीने 33 शॉट मारले, रिआल जवळजवळ सगळा वेळ स्वतःच्या बॉक्सभोवती उभी होती, मॅच 1-1 राहिली आणि पेनल्टीवर रिआल पुढे गेली. 2022 च्या सेमीत तर 90 व्या मिनिटापर्यंत सिटी दोन्ही मॅच मिळून 5-3 ने पुढे होती आणि रिआलच्या रॉड्रिगोने दोन मिनिटांत दोन गोल टाकून सगळं उलटं केलं. म्हणजे बॉल हातात असणं आणि मॅच हातात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेममध्ये हा फरक अजून वाढतो.

का वाढतो ते नीट समजून घे, कारण तुझं उत्तर तिथेच आहे. खऱ्या सिटीकडे अकरा डोकी असतात, बॉल गेला की अकराही जण त्याच क्षणी जागा बदलतात. तुझ्या हातात एका वेळी एकच खेळाडू, बाकीचे तू मॅचच्या आधी जे रोल (खेळाडूचं काम) आणि फोकस (ते काम कसं करायचं) लावलेस त्याप्रमाणे चालणार. त्यामुळे पझेशनवाल्याचं, म्हणजे बॉल स्वतःकडे ठेवून खेळणाऱ्याचं, खरं काम मेनूमध्ये होतं. काउंटरवाल्याला, म्हणजे बॉल हिसकावून लगेच उलटा हल्ला करणाऱ्याला, तेवढी गरज नसते, त्याला फक्त एक पास बरोबर आणि एम्बापेचा 97 पेस (वेग) पुरतो.

आता 2023 ची सेमी आठव, सिटीने रिआलला 4-0 उडवलं ती. तिथे जॉन स्टोन्स डिफेन्समधून वर येऊन मिडफिल्डर रॉड्रीच्या शेजारी उभा राहायचा, त्यामुळे बॉल गेला तरी मधून पहिला पास निघायलाच जागा नव्हती. हेच तुला करायचंय. एका फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) फॉल्सबॅक रोल दे, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना तो मिडफिल्डमध्ये येईल. पण कुठला फुलबॅक? बरेच जण इथे घोळ घालतात. व्हिनिसियस रिआलच्या डाव्या बाजूला खेळतो, म्हणजे तो तुझ्या राइट बॅकवर येणार, तर राइट बॅकला हलवायचंच नाही, त्याला साधा फुलबॅक रोल आणि फोकस डिफेन्ड, आणि फॉल्सबॅक कर लेफ्ट बॅकला. रॉड्रीला होल्डिंग आणि डिफेन्ड. मग बॉल गेला त्या क्षणी मागे दोन सेंटर बॅक आणि राइट बॅक असे तीन, त्यांच्या पुढे दोन, असे पाच जण आपोआप जागेवर असतील, तुला काही दाबावं लागणार नाही.

लाइन हाइट, म्हणजे डिफेन्सची रांग किती पुढे उभी राहते ते, 80-85 ठेवत असशील तर आधी ती खाली आण. रुबेन डियास उत्तम डिफेंडर आहे पण एम्बापेच्या मागे पळण्यासाठी नाहीच तो. 50 च्या आसपास ठेव. डिफेन्सिव्ह ॲप्रोच ॲग्रेसिव्ह नको, बॅलन्स्ड पुरे, कारण प्रेस करायला तुझ्या समोर कोणी बॉल घेऊन खेळतच नाहीये, मग प्रेस कुणाला करणार?

अटॅकबद्दल. खाली बसणारे प्लेयर बहुतेक सीडीएम (डिफेन्सच्या पुढचा मिडफिल्डर) हातात धरून खेळतात, म्हणजे तुझ्या मॅचमध्ये रिआलचा चुआमेनी हा बहुधा समोरचा पोरगा स्वतः असेल आणि सेंटर बॅक गेम सांभाळत असेल. तू बॉक्सच्या पुढ्यात इकडून तिकडे पास देत राहिलास तर तो आरामात मधे उभा राहतो आणि कधीतरी एक पास कापतो, आणि तिथूनच तू गोल खातोयस. त्या माणसाला हलव. विंगर डोकूला टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून ठेव, त्याच्याकडे बॉल गेला की दोन क्षण थांब, चुआमेनी तिकडे सरकला की लगेच मागे रॉड्री, तिथून पलीकडच्या बाजूला. नाहीतर डोकूला थेट बायलाइनपर्यंत (गोलच्या रेषेपर्यंत) ने आणि तिथून मागे कटबॅक पास दे, फोडेन बॉक्सच्या तोंडाशी येतोच. हालांडला उंच क्रॉस शेवटचा पर्याय, गोलकीपर कूर्त्वा समोर आहे हे लक्षात ठेव.

आणि सगळ्यात महत्त्वाचे ते बॉल गेल्यानंतरचे चार-पाच सेकंद. हात शिवशिवतात, जवळचा प्लेयर घेऊन धावत सुटावंसं वाटतं, आर1 दाबून दुसऱ्या प्लेयरलाही बॉलमागे सोडावंसं वाटतं. सोडू नकोस. राइट स्टिकने थेट रॉड्री निवड, बॉल आणि एम्बापे यांच्या मधल्या रेषेवर उभा राहा, एल2 ने जॉकी करत, म्हणजे टॅकल न करता समोर राहत, मागे मागे ये. सेंटर बॅकला पुढे खेचलंस की संपलं. त्याचा अटॅक फक्त दोन सेकंद उशिरा झाला तरी तुझे बाकीचे लोक परत आलेले असतात.

एक हिशोब पण डोक्यात ठेव. सहा मिनिटांच्या हाफमध्ये घड्याळातलं एक मिनिट म्हणजे गेममधली साडेसात मिनिटं, तर तू अर्धा मिनिट नुसता मागे-मागे पास खेळलास की जवळजवळ चार मिनिटं गेली. 0-0 असताना ती चालतील, 0-1 मागे असताना ती समोरच्याच्या फायद्याची.

कोण जिंकेल? सेटिंग आहे तशीच ठेवलीस तर रिआल, 2-1, कारण त्याच्या खेळात चुकायला जागा कमी आहे. वर सांगितलेले बदल केलेस आणि पहिला गोल तुझा झाला तर मात्र सिटी, कारण मग त्याला बाहेर यावं लागेल आणि अशा प्लेयरना बॉल घेऊन खेळायची सवय नसते. पहिल्या हाफला घाई करू नकोस एवढंच.

प्रश्न : मी ॲटलेटिको घेऊन 4-4-2 मध्ये खाली बसून खेळतो आणि काउंटरवर जिंकतो. मित्र म्हणतात हा रडीचा डाव आहे, असं खेळणं म्हणजे फुटबॉल नाही. खरंच चुकीचं आहे का?
— एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही! शाहू स्टेडियमच्या गावातला माणूस हे विचारतोय म्हणून जास्तच ठासून सांगतो. खाली बसणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी पूर्ण मॅच एकही सेंटर बॅक जागेवरून न हलवता खेळून दाखवावं. संयम लागतो, प्लेयर स्विच करायचा हात पक्का लागतो, आणि बॉल मिळाल्यावर पहिला पास पुढे द्यायची हिंमत लागते. ॲटलेटिकोचा कोच सिमिओनेने 2014 आणि 2021 ला स्पेनची लीग याच शिस्तीच्या जोरावर घेतली, तीही बार्सिलोना-रिआलच्या नाकासमोर. मला स्वतःला पझेशन बघायला जास्त आवडतं पण म्हणून दुसऱ्याच्या खेळाला कमी लेखणं मला पटत नाही. 1-0 झाल्यावर कॉर्नर फ्लॅगपाशी जाऊन गोल गोल फिरत वेळ काढणं मात्र नको, मित्रांचा राग खरा त्याचाच असेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. तो मोबाईलवर एका ॲपवर आठ-आठ मिनिटांच्या व्हर्च्युअल फुटबॉल मॅच बघतो, टीमची नावं खऱ्या क्लबची असतात, आणि बाजूला सारखे आकडे बदलत असतात. तो म्हणतो मी टॅक्टिक्सचा अभ्यास करतो आणि हे ई-स्पोर्ट्स आहे. हे नक्की काय आहे?
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, बाजूचे बदलणारे आकडे हे सट्ट्याचे भाव आहेत. मॅच खेळणारे कदाचित खरे गेमर असतीलही, पण ते ॲप पैसे लावायला लावण्यासाठी बनवलंय, अभ्यासासाठी नाही. दिवसभर एकामागून एक छोट्या मॅच ठेवायचं कारणही तेच, एक संपली की हरलेले पैसे काढायला दुसरी तयार. टॅक्टिक्स बघून निकाल सांगता येतो असं मुलांना वाटतं आणि तिथेच ती अडकतात. वर मी पुण्याच्या मुलाला अंदाज दिलाय, पण तो त्याची तयारी व्हावी म्हणून दिलाय, असल्या अंदाजावर कुणी दहा रुपयेही लावू नयेत.

आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता आहे. म्हणजे मुलगा जो शब्द वापरतोय तो चांगल्या गोष्टीचा आहे, फक्त तो बघतोय ती गोष्ट ती नाही. ओरडू नका त्याला. शांतपणे बसून विचारा की पैसे लावलेस का, किती, कुणाकडून घेतलेस, आणि खात्यातून काय काय गेलंय ते त्याच्यासोबत बघा. फुटबॉलची आवड खरी असेल तर ती मोडू नका, हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये एफसी ऑनलाइन हा पदकाचा खेळ होता आणि भारताचे खेळाडू तिथे उतरले होते, आयएसएलच्या क्लबांचीही ई-लीग झालेली आहे. असल्या मॅचचे व्हिडिओ त्याच्यासोबत बसून बघा, फरक त्याला आपोआप कळेल.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ एकाच टीमकडून 2 विरुद्ध 2 खेळतो आणि सारखे एकाच बॉलमागे पळतो. काय करायचं?
— मडगाव, गोवा

उत्तर : बोला! दुसरं काही नाही. बॉलजवळचा एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने बॉलच्या मागचा माणूस धरायचा, आणि दर वेळी मोठ्याने सांगायचं "माझा" किंवा "तुझा". अटॅकला ज्याच्याकडे बॉल नाही त्याने पास मागत बसू नये, पळून डिफेंडर ओढावा. दोन डोकी असल्यामुळे वर सांगितलेली पझेशनवाल्याची अडचण तुम्हाला निम्मीच आहे, त्याचा फायदा घ्या.

प्रश्न : कन्सोल परवडत नाही. मोबाईलवर ई-फुटबॉल नावाचा गेम खेळतो. ही सगळी टॅक्टिक्स तिथे चालते का?
— बी.कॉम.चा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : चालते, आणि मोबाईलला कमी समजू नकोस, 2024 च्या डिसेंबरमध्ये रियाधला झालेल्या फिफाई वर्ल्ड कपमध्ये (फिफाच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत) ई-फुटबॉलच्या कन्सोलबरोबर मोबाईलची पण स्पर्धा होती. तुझ्या गेममध्ये पाच टीम प्लेस्टाइल (टीमच्या खेळायच्या पद्धती) आहेत आणि त्यातल्या दोन काउंटरवरून लोकांचा फार गोंधळ होतो. क्विक काउंटर लावलं की टीम खाली बसत नाही, उलट वर जाऊन प्रेस करते आणि बॉल हिसकावून लगेच गोलकडे निघते. पुण्याच्या त्या रिआलवाल्यासारखं खाली बसायचं असेल तर लाँग बॉल काउंटर लागतं. आता तुझ्याकडे डिफेंडर मंद असतील आणि तू क्विक काउंटर लावून खेळत असशील तर मागची मोकळी जागा तूच समोरच्याला देतोयस. आधी तुझ्या दोन सेंटर बॅकचा स्पीड बघ, मग प्लेस्टाइल ठरव, आणि मॅनेजरची त्या स्टाइलमधली प्रोफिशियन्सी (प्रावीण्याचा आकडा) जास्त आहे ना तेही तपास, नाहीतर प्लेयर चांगले असूनही नीट खेळत नाहीत.