चांदीच्या जुन्या भांड्यांवरचे इंग्रजी शिक्के खरे की बनावट, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोळच्या वाटणीत मामा म्हणताहेत, "शिक्क्यांचा विलायती चहाचा सेट तुम्ही घ्या, बिनशिक्क्याची देवाची भांडी आम्ही ठेवतो." हे वाचून गॅस बंद केला आणि लिहायला बसले. शिक्क्यांचं सांगतेच, पण तुमच्या मामांना भांड्यांतलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं, एवढं आधी ध्यानात घ्या.

आमच्या सासरी, बडोद्याला दांडिया बाजारातल्या घराची वाटणी झाली तेव्हा अगदी हेच झालं. किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि तबक असा सेट होता. पणजोबांना सयाजीराव महाराजांनी दिलेला, असं मोठे दीर सांगायचे. (बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत महाराजांनी दिलेली एक तरी वस्तू असतेच. महाराजांनी एवढं वाटलं असतं तर राज्य चालवायला काही उरलं नसतं.) सेट आमच्या वाट्याला आला. ताम्हन, पंचपाळं, दोन तांबे, गुलाबदाणी, पानाचा डबा अशी काळी पडलेली, पोचे आलेली भांडी त्यांच्याकडे गेली. वर, "आम्ही आपलं जुन्यात भागवू" हेही ऐकवलं.

माझे वडील मांडवीला एका चोकशाच्या, म्हणजे सोनं-चांदी पारखणाऱ्याच्या, पेढीवर खतावणी लिहायचे. शाळा सुटली की मी तिथेच बसायची. त्यामुळे भांडं हातात आलं की ते आधी उलटं करायचं, ही सवय. किटली उलटी केली. बुडाला एका ओळीत चार छोट्या ढाली आणि प्रत्येक ढालीत एकेक अक्षर, जुन्या इंग्रजी वळणाचं, इतकं वेलबुट्टीदार की घरातल्या सगळ्यांनी आजवर ती नक्षीच समजली होती. मी बोट ठेवून वाचलं: ई, पी, एन, एस. म्हणजे इलेक्ट्रो प्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. चांदी फक्त वरच्या मुलाम्यात. तोटीच्या ओठाशी आणि दांड्याच्या वळणावर मुलामा झिजून पिवळट राखाडी धातू दिसतही होता.

मी तसं बोलले. दीर म्हणाले, "सोन्याच्या तोफा ओतणारी गादी मुलाम्याची भांडी देईल का?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय संपला. सोन्याच्या तोफा मल्हाररावांनी ओतवल्या, सयाजीरावांनी नाही, हे मी गिळून टाकलं. सुनेनं एका दिवसात किती बोलायचं याला मर्यादा असते.

यात त्या विलायती कंपनीचा दोष नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं १८४० मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मग असा माल पेट्या भरभरून निघाला. अक्षरं ढालीत घालायची, शेजारी एखादा मुकुट ठोकायचा, म्हणजे लांबून चांदीच्या शिक्क्यांसारखं दिसावं. डोळ्याला फसवत होते, पण वाचणाऱ्याला खरं सांगत होते. खोटं बोलायला सुरुवात होते ती भांडं घरात आल्यावर.

खऱ्या इंग्रजी चांदीवर पावलं टाकत चाललेला सिंह हवा. शिवाय गावाची खूण हवी: लंडनचं बिबट्याचं तोंड, १७७३ पासून बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि १७७३ ते १९७४ शेफील्डचा मुकुट. वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं हवीत. १७८४ ते १८९० मधल्या मालावर बहुधा राजाचं किंवा राणीचं डोकंही असतं, कर भरल्याची खूण म्हणून. या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. व्हिक्टोरियाच्या काळातली म्हणून दाखवलेली, इंग्लंडात घडलेली वस्तू आणि त्यावर ९२५ चा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदीचा, आकडा? ठेवून द्या परत. तिथल्या नेहमीच्या शिक्क्यांत तो आकडा १९९९ पासून आला.

आता मुद्दाम केलेली लबाडी. खऱ्या चमच्याचा साचा काढून नवे चमचे ओततात, तेव्हा शिक्काही ओतला जातो. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात, ओतलेल्याच्या साबणावरच्या ठशासारख्या गोलसर, आणि भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात. सहाही चमच्यांवर शिक्का अगदी त्याच जागी, त्याच तिरकेपणानं असेल तर समजा की सहाही एकाच आईची लेकरं. हातानं ठोकणाऱ्याचा घाव इकडेतिकडे होतोच. दुसरी लबाडी म्हणजे मोडक्या छोट्या भांड्याचा शिक्क्याचा तुकडा कापून मोठ्या भांड्याला डाखानं बसवणं. नुसत्या नजरेला कळत नाही. शिक्क्यावर तोंडानं गरम वाफ सोडा. वाफ बसली की शिक्क्याभोवती डाखाची रेघ उमटते आणि वाफ उडताना नाहीशी होते. माझे वडील हे गिऱ्हाइकासमोर करायचे आणि चकार शब्द बोलायचे नाहीत.

आपल्याकडे ओ.एम. आणि भुज हा शिक्का फार चालतो. ओमरसी मावजी हे कच्छच्या महारावांचे कारागीर, त्यांच्या कामाला परदेशात मोठी किंमत येते, म्हणून आता वाटेल त्यावर ओ.एम. ठोकतात. तिथे शिक्का बघूच नका, काम बघा. ठोकून उठवलेल्या नक्षीचा प्रत्येक उठाव आतून खळगा होऊन दिसतो. बाहेर वेली आणि हरणं, आत सपाट, असं असेल तर सरळ विचारा की हे ओतलंय का.

आणि शिक्काच नाही त्याचं काय? काही नाही. इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी आपल्याकडे नव्हती. गावचा सोनार फार तर आपली खूण करायचा, नाहीतर तेही नाही. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीचा हत्तीचा शिक्काही त्यांच्या घरचाच, सरकारी नव्हे, आणि चांदी मात्र चोख. भारतीय मानक ब्युरोचं चांदीचं हॉलमार्किंग तर २००५ मधलं. आजीच्या तांब्यावर शिक्का नसणं हेच बरोबर आहे, आणि हे आमच्या दिरांना पक्कं ठाऊक होतं. वाटणीनंतर वर्षाच्या आत गुलाबदाणी सोडून सगळं मोडीला गेलं. सराफानं टंच काढून पैसे मोजले. आमचा सेट मात्र कपाटात, "विलायती".

मी नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर साखरेचं भांडं तोललं: २६० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि भांडं दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवलं, तळाला किंवा कडेला न टेकवता. काटा ३० वर थांबला. २६० भागिले ३० म्हणजे पावणेनऊच्या आत, भांडं तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या इतके पट जड. स्टर्लिंग, म्हणजे तीच ९२५ ची चांदी १०.३ च्या आसपास येते, म्हणजे काटा २५ वर थांबायला हवा होता. आमच्या ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "दादाला सांगू नकोस." मी सांगितलं.

ही रीत पोकळ दांड्याच्या किंवा आत लाख भरलेल्या वस्तूला चालत नाही, आणि आत हवा अडकली तरी आकडा चुकतो. लोहचुंबकाचा उपयोग नाही, जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. सराफाकडच्या शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर तपासलंत तर ते फक्त वरचा पातळ थर वाचतं, जाड मुलामा त्याला चांदीच वाटतो. बुडाशी झाकल्या जागी थोडं खरवडून मग वाचायला सांगा. ॲसिड घरी लावू नका, आणि ठरेपर्यंत पॉलिशही नको. झिजलेल्या शिक्क्यावरून मग कोणालाच काही सांगता येत नाही. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी आणि कलाकुसरीची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी नेता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भावाला आत्ताच कबूल करू नका.

विलायती सेट खरा निघालाच तर मामांचे आभार माना. तोवर ताम्हन आणि तांबे आधी काट्यावर ठेवायला सांगा, सगळ्यांसमोर, आणि त्याच दिवशी.