‘बाबांनी आयुष्यभर फक्त कष्टच केले’

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी नेहमी ऐकते. त्यापुढचंही ठरलेलं असतं : ‘आता कुठे सुखाचे दिवस आले होते, आणि ते गेले.’ बोलणारी मुलं-मुली चाळिशी-पन्नाशीतली. झोप उडालेली, नव्या घरात मन न रमणारी, गोड घास तोंडात घेतला तरी कासावीस होणारी. त्यांतल्याच एका गृहस्थांबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना सुधीर म्हणू.

सुधीर लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत, साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. सुधीर तेव्हा दहा वर्षांचे. वडील पहाटे भायखळ्याहून भाजी आणून विकत, रात्री एका इमारतीत वॉचमनकी करत. त्यावर तीन मुलं शिकली. पुढे सुधीरनी डोंबिवलीत फ्लॅट घेतला, लिफ्टवाला. वडील तिथे जेमतेम काही महिने राहिले.

‘मॅडम, त्यांना मी विमानात बसवणार होतो.’

‘त्यांना बसायचं होतं?’

‘...कधी विचारलं नाही.’

‘मग त्यांना आवडायचं काय?’

‘त्यांना कसली आवड, मॅडम! काम एके काम.’

इथे मी थांबले. कष्टाळू हे माणसाचं एक वर्णन झालं, अख्खा माणूस नव्हे. वडिलांचं आयुष्य फक्त त्यांच्या घामाच्या हिशेबात मांडलं, की मुलाच्या बाजूला कायम देणंच निघतं. सुधीर त्या देण्याखाली दबले होते. मी त्यांना एवढंच सांगितलं : आईला विचारा, बाबांच्या गाववाल्यांना विचारा. ते किती राबले, हे विचारू नका. ते हसायचे कशाला, हे विचारा.

पुढच्या वेळी ते आले ते एक शंभरपानी वही घेऊन. कोपरे दुमडलेले, पुठ्ठ्याला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर. वडील संगमेश्वरकडचे. गणपतीत गावी जाखडी, म्हणजे कोकणातला गाण्या-नाचाचा सामना, व्हायची; शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन पक्षांत वडील तुरेवाल्यांचे शाहीर होते! बाबा गणपतीत रात्र रात्र घराबाहेर असायचे, एवढंच सुधीरना आठवत होतं. वहीत गण, गौळणी, प्रतिपक्षाला घातलेले सवाल. एका गौळणीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं : ऑगस्ट 1982.

‘आई म्हणाली, संपात हे रात्री मोरीच्या कट्ट्यावर बसून लिहायचे. मला चाल म्हणून दाखवायचे. मी चुकले की पोट धरून हसायचे.’ सुधीर पान उलटत राहिले. ‘मॅडम, त्या वर्षी आमच्याकडे चूल कशी पेटायची, ते मी बघितलंय. आणि हा माणूस गौळण लिहीत होता!’

मग ते रडले. आधीही रडले होते, पण प्रत्येक वेळी त्यात ‘मी करायला हवं होतं’ असायचं. या रडण्यात फक्त वडील होते. हा फरक कानांना कळणं, ही माझ्या कामाची कमाई आहे असं मी मानते.

मी म्हटलं, ‘तुमच्या बाबांचं सुख तुमच्या फ्लॅटची वाट बघत थांबलं नव्हतं.’

संपानं त्या घरांची जी दैना केली, ती एका वहीनं पुसली जात नाही. तसं म्हणणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण ‘त्यांनी सुख पाहिलंच नाही’ हा निष्कर्ष दहा वर्षांच्या भेदरलेल्या मुलानं काढलेला होता आणि पन्नाशीपर्यंत तो कुणी तपासलाच नव्हता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले. ती मला इथे नेहमी हात देते. बाबांना आणखी काही वर्षं मिळायला हवी होती, ही इच्छा. तिच्यातून दुःख येतं आणि ते येऊ द्यावं. ती वर्षं सुखाची करून देणं मला जमायलाच हवं होतं, हा हट्ट. त्यातून अपराधीपणा येतो, आणि तो वडिलांची आठवणही नीट काढू देत नाही.

तुमच्याही घरी असं कुणी गेलं असेल, तर आई आहे तोवर आईशी बोला. ‘तिला त्रास होईल’ म्हणून घरोघरी हा विषय टाळतात; बहुतेक आया विचारण्याची वाटच पाहत असतात. नेमकं विचारा : पगाराच्या दिवशी काय आणायचे? कुणाशी भांडले? त्यांचा राग, हेकेखोरपणाही येऊ द्या, देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाशी बोलता येत नाही. नातवंडांना ‘आजोबांनी फार सोसलं’ एवढंच सांगितलं तर ती मान डोलावून निघून जातात. सुधीरच्या मुलीला मात्र ती गौळण चालीसकट हवी होती, म्हणून आजीचा आवाज तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केला.

सहा महिने उलटूनही दुःखाची तीव्रता तसूभर कमी होत नसेल, कामधंदा, जेवणखाण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र घरच्या गप्पांवर थांबू नका. समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जवळ कुणी नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि रात्री-अपरात्रीही फोन लागतो.