बाळ चार महिन्यांचं आहे, फक्त अंगावरच पितं. रमजानचे रोजे धरू का?

शरियतमध्ये सूट आहे, ती निःसंकोच घ्या. स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असेल तर आत्ता रोजे न धरता नंतर कजा करता येतात, म्हणजे सुटलेले रोजे पुढे भरून काढता येतात. हनफी आणि शाफई हे सुन्नी शरियतचे दोन पंथ; त्यातल्या हनफींमध्ये एवढंच पुरतं. शाफईंमध्ये (कोकणी मुस्लिम बहुतेक शाफईच) केवळ बाळासाठी रोजा सोडला तर कजासोबत फिदयाही लागतो, म्हणजे दर रोजामागे गरिबाला धान्य.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं, निव्वळ तुमच्या दुधावर, म्हणून मी थांबाच म्हणेन. तरीही धरलात तर सहरी (पहाटेचं जेवण) चुकवू नका, रात्री भरपूर पाणी प्या. चक्कर आली, लघवी गडद झाली किंवा बाळाची शू चोवीस तासांत सहा वेळांपेक्षा कमी झाली, तर मगरिबची (सूर्यास्ताला रोजा सोडायच्या वेळेची) वाट पाहू नका. लगेच पाणी प्या आणि डॉक्टरांना दाखवा.