व्हँपायर : 'ते', 'तो' की 'अहो'?

प्रश्न असा आहे : कादंबरी नाशिकात घडते. जुन्या वाड्यात राहणारा तीनशे वर्षांचा व्हँपायर आणि त्याला संपवायला आलेली नायिका. आधी हाडवैर, मग सावकाश मुरत जाणारं प्रेम. 'व्हँपायर'ला मराठी शब्द कोणता? 'वेताळ' चालेल का?

वेताळ नको. तो प्रेतात शिरतो, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो, कोकण-गोव्यात तर ग्रामदेव आहे. रक्त पिणं ही त्याची ओळख नव्हे. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकानं १८७० साली वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना त्याला व्हँपायर म्हटलं, ते इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी. 'रक्तपिपासू' हे मुळात विशेषण; सावकारापासून डासापर्यंत कोणालाही लागतं. (शेवटचा 'सू' दीर्घ, पण 'रक्तपिपासुवृत्ती'त ऱ्हस्व.)

'व्हँपायर'च ठेवा. 'बँक'सारखा लिहा आणि 'डॉक्टर'सारखा चालवा : व्हँपायरला, व्हँपायरचा, अनेकवचनी व्हँपायरांना. स्त्री असेल तर 'ती व्हँपायर'. 'व्हँपायरीण' नको, जुन्या वळणानं 'डॉक्टरीण' म्हणजे डॉक्टरची बायको. तो शब्द फार तर शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवा.

मात्र 'पिशाच' टाकून देऊ नका, नायिकेच्या तोंडी द्या. शब्द नपुंसकलिंगी आहे आणि तुमच्या कथेला नेमकं तेच हवंय. वैर आहे तोवर ती म्हणेल, 'ते आलं. ते दारात बसलंय.' पुढे कधीतरी, तिच्याही नकळत, 'तो आला.' लेखकानं यावर एक अक्षर बोलू नये.

यात एक अडचण आहे. 'त्यानं', 'त्याला', 'त्याचा' ही रूपं 'तो' आणि 'ते' दोन्हींची सारखीच. 'त्यानं मान वळवली' यातून लिंग कळतच नाही. म्हणून बदल दाखवायच्या जागी अकर्मक क्रियापदं घ्या : आलं-आला, हसलं-हसला, थांबलं-थांबला. वर्तमानकाळही चालतो, येतं-येतो. विशेषणंही बदला, 'भुकेलेलं'चं 'भुकेलेला'.

दुसरी अडचण जास्त घातक. लेखी वळणानं 'ते आले' लिहिलंत, तर पिशाच आलं की नवरोबा आले, हे वाचकाला कळणार नाही. नपुंसकलिंगी एकवचन आणि आदरार्थी पुल्लिंगी तिथे एकच दिसतात. तेव्हा निवेदनही नायिकेच्या बोलीत, अनुस्वार देऊन लिहा. मग 'ते आलं', 'तो आला' आणि लग्नच लावणार असाल तर 'ते आले', असा सगळा प्रवास होतो.

संबोधनात घाई करू नका. मराठीत 'तू' शत्रूलाही आणि प्रियकरालाही. पहिल्याच भांडणात अरे-तुरे झालं, तर पुढे जायला जागा उरत नाही. दोघांना थंड 'तुम्ही'वर ठेवा. तिचा पहिला 'तू' रागाच्या भरात निसटू दे, 'आलास कशाला?' आणि पुढच्या वाक्यात ती पुन्हा 'तुम्ही'वर येऊ दे. 'रे' त्याच्याही बऱ्याच नंतर. त्याच्या तोंडी मात्र जुना 'आपण' शोभेल, आणि गावाचं नाव घेताना एखादे वेळी मुघल अमलातलं 'गुलशनाबाद' निसटलं तरी चालेल.