मते फुटतात तेव्हा: मान्यता मतदानाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सरपंचपदाला तिघे उभे होते. त्यातल्या दोघांचा मतदार एकच. मते फुटली आणि तिसरा निघाला. 'अप्रूव्हल व्होटिंग'ने हे टळले असते का? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बहुधा टळले असते. या पद्धतीला मराठीत मान्यता मतदान म्हणता येईल. जे जे उमेदवार चालतील त्या सगळ्यांपुढे खूण करायची. एकापुढेच केली तरी मत वैध. ज्याच्यापुढे सर्वाधिक खुणा, तो विजयी.

समजा ६०० जणांनी मतदान केले. आजच्या पद्धतीने 'अ'ला २४०, 'ब'ला १९० आणि 'क'ला १७० मते पडली, तर 'अ' सरपंच होतो. आता 'ब'च्या १२० मतदारांनी 'क'पुढेही खूण केली आणि 'क'च्या १३० जणांनी 'ब'पुढेही. मग 'ब' ३२०, 'क' २९०, 'अ' २४०. खुणांची बेरीज ८५० होते, पण टक्के ६०० मतपत्रिकांवरच काढायचे; बेरजेवर काढले की आकडे चुकतात. 'ब'ला ५३ टक्क्यांहून जास्त गावाची मान्यता आहे, हे तेव्हाच दिसते.

मते खायला डमी उभा करण्याचा डावही इथे फारसा चालत नाही, कारण डमीपुढे खूण केली म्हणून खऱ्या उमेदवाराची खूण जात नाही. सारख्या नावामुळे होणारा गोंधळ मात्र राहतोच. माघारीच्या दिवशी 'तू बस' म्हणून चांगल्या माणसावर येणारा दबाव कमी होईल, आणि आम्हाला या सुधारणेचे मोल सर्वांत जास्त तिथेच वाटते.

प्रश्न : पदवीधर मतदारसंघात आम्ही १, २, ३ लिहितो. तेच का नको? (अमरावती)

उत्तर : ती पसंतीक्रमाची पद्धत. तिथे १ हा आकडा लिहिलाच नाही किंवा दोघांपुढे लिहिला, तर मत बाद होते. मोजणीही फेऱ्याफेऱ्यांनी चालते. मान्यता मतदानात एकदाच बेरीज, आणि जास्त खुणा केल्या म्हणून मतपत्रिका बाद होत नाही. मात्र सगळ्यांपुढेच खूण केली तर त्या मताने निकालात काहीच फरक पडत नाही.

प्रश्न : यात खोट कुठे? आणि गावात सुरू करता येईल का? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : 'ब' आणि 'क'चे लोक एकमेकांना घाबरून आपापल्यापुढेच खूण करू लागले, तर मते पुन्हा फुटतात. प्रचारात 'फक्त मलाच' हा आग्रह होणारच. शिवाय 'हा जास्त आवडतो, तो नुसता चालतो' हा फरक खुणेत उमटत नाही.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहराने २०१८ मध्ये ही पद्धत स्वीकारली. २०२५ मध्ये त्या राज्याने कायदा करून ती बंद केली. सेंट लुईस शहरात याच पद्धतीने झालेल्या मार्च २०२१ च्या महापौरपदाच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाच्या महिला उमेदवाराला ५७ आणि दुसऱ्या क्रमांकाच्या महिलेला ४६ टक्के मान्यता मिळाली, मग त्या दोघींत अंतिम लढत झाली.

सरपंच निवडीसाठी राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आणि नियमांत बदल लागेल; आमदार-खासदारांसाठी संसदेला १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा बदलावा लागेल. तोवर गणेश मंडळाचा किंवा शेतकरी गटाचा अध्यक्ष असा निवडून पाहा, नियमावलीत आडकाठी नसेल तर. हात वर करून नको, चिठ्ठीच हवी. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत कुणी दुसऱ्या नावापुढे खूण करत नाही. नावे छापलेली द्या. बरोबरी झाल्यास काय करायचे, ते मतदानाआधीच ठरवून फळ्यावर लिहा.