नैराश्यातल्या बहिणीला ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं थेट विचारावं का?

विचारावं. याच शब्दांत.

तुम्ही लिहिलंय की बहीण घर नीट सांभाळते, पण मधूनच ‘माझा काय उपयोग’ म्हणते. तिचे विचार कसे बदलायचे, आणि थेट विचारलं तर नसतं डोक्यात भरेल का. या दुसऱ्या प्रश्नावरून माझं आणि दादाचं सहा वर्षं भांडण चालू आहे, म्हणून आधी तोच.

माझी वहिनी. इचलकरंजीला माहेरी गेले तर फळीवरच्या एकूणएक डब्याला चिकटपट्टीवर नाव लिहून लावलेलं. तूर, मसूर, भगर. आईच्या सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत. माझी दोन वर्षं तिच्याकडे पडलेली साडी इस्त्री करून परत. आई कौतुकाने म्हणाली, ‘बघ, किती सावरली!’ वहिनी म्हणाली, ‘मी नसले तरी कुणाचं अडायला नको.’ नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, अशा आवाजात. मी विचारलं, ‘वहिनी, जीव द्यायचं मनात येतं का?’ तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले. ‘रोज.’ आणि मग कितीतरी महिन्यांनी रडली.

दादा माझ्यावरच उखडला. ‘असलं अभद्र विचारतात का?’ आजही म्हणतो, तू बोललीस म्हणून सुरू झालं. अरे, डब्यांना पट्ट्या मी लावल्या होत्या का? विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

आणि ‘घर सांभाळते’ यावर तर जाऊच नका. २०२१ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी २३,१७८ गृहिणी होत्या. ही सरकारी नोंद आहे. राग गिळून हसत वाढणारी सून आपल्याकडे शहाणी ठरते. गिळलेलं जिरत नाही, आतल्या आत त्याचा रवंथ चालतो. भाकरी करपली, म्हणजे मला काहीच जमत नाही, म्हणजे मी ओझं, म्हणजे मी गेले की सगळे सुटतील. वहिनीला हा शेवटचा टप्पा त्याग वाटायचा.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षातला एक चांगला दिवस सांगायला सांगितला. म्हणाली, ‘असायचे कधीकधी.’ नेमका एकही आठवेना. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यांच्या आठवणी अशाच ढोबळ असतात, हे मार्क विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्येच मांडलंय. मग मागच्या वेळी कशातून तरलो, तेही सापडत नाही. अशा बाईला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल की’ म्हणणं. विचार बदलायचं काम समुपदेशकाचं. वहिनीला त्यात वर्ष गेलं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. बहीण ‘हो’ म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका, गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्र असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर सोबत हवीच.

दादाचं एक मात्र खरं: आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिच्यासमोर विचारायला नको होतं.