शिरपेच, तुरा आणि खासबागेतला पेच

‘कोल्हापूरच्या शिरपेचात मानाचा तुरा रोवला’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि शिरपेच म्हणजे नेमकं काय, असं एका वाचकाने विचारलं आहे.

वाक्य चूक आहे. रोवतात ते झेंडे, खुंट आणि मांडवाचे खांब. तुरा खोवतात. कुणी कुस्ती मारली, कुणाला पुरस्कार मिळाला, की चौकाचौकातल्या फलकांवर हा तुरा रोवलेला दिसतो. वाचून डोकं उठतं.

शिरपेच म्हणजे पगडी नव्हे, मुकुट तर नव्हेच. पागोट्यावर पुढच्या बाजूला बांधायचा तो रत्नजडित दागिना. मुळात ती पागोट्याभोवती गुंडाळायची पट्टी होती, हिरे-पाचू मागाहून आले. तुरा म्हणजे झुबका, मोत्यांचा असो की पिसांचा. उसाला येतो तोही तुराच.

खरी गंमत ‘पेच’मध्ये आहे. फारसीत पेच म्हणजे पीळ, वेढा, वळसा. पतंगाचा पेच तोच, माणूस पेचात सापडतो तोही तोच, आणि डावपेचातला पेचही तोच. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ साली खुलं झालं. तिथल्या तांबड्या मातीत पैलवान जो पेच टाकतो आणि छत्रपतींच्या पागोट्यावर जो पेच झळकतो, तो शब्द एकच! कोल्हापुरी फेटा बांधताना नीट बघा. एकजण कापडाचं टोक धरतो, दुसरा पीळ भरत जातो, मग वेढ्यावर वेढा चढतो, वर तुरा उभा राहतो आणि पाठीवर शेमला सुटतो. त्यातला प्रत्येक वेढा म्हणजे पेच. तालमीत वाढलेल्या गावाला हा शब्द कोशातून शिकावा लागू नये.

आता वादाचा मुद्दा. काही जाणकार ‘शिर’ पाहून शब्दाचा पूर्वार्ध संस्कृत ठरवतात आणि अर्धा संस्कृत, अर्धा फारसी असा संकर सांगतात. हे मला साफ अमान्य आहे. मूळ फारसी शब्द ‘सरपेच’, त्यातला ‘सर’ म्हणजे डोकं. मराठी कानाला त्यात आपलं शिर ऐकू आलं आणि उच्चार फिरला, एवढंच. हे एकट्या शिरपेचाचं झालेलं नाही. ‘सरजोर’चा शिरजोर झाला. ‘सररिश्ता’चा शिरस्ता झाला. ‘सर-ओ-पा’, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख, त्याचा शिरपाव झाला. चार शब्द एकाच वाटेने आलेले दिसत असताना संस्कृतचा हट्ट कशाला? शिरस्त्याची व्युत्पत्ती या मंडळींनी संस्कृतातून लावून दाखवावी.

दसरा चौकातल्या शाही लवाजम्याच्या शब्दांवरही हाच प्रयोग चालतो. अब्दागिरी म्हणजे मानकऱ्यावर धरायची लांब दांड्याची छत्री; तिच्यातला ‘अब्द’ म्हणजे ढग, ढगासारखी सावली देते ती अब्दागिरी, असं छातीठोकपणे सांगितलेलं ऐकलं आहे. ती फारसी ‘आफ्ताबगीर’ आहे. आफ्ताब म्हणजे सूर्य, गीर म्हणजे धरणारा. ऊन स्वतःवर झेलून मानकऱ्याला सावली देणारी. दिलगीर, आलमगीर यांतला गीर हाच.